लाल फडक्याचा परवाना

सडक अर्जुनीवरून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. रायपूर-भिलाईकडचं लोखंड याच वाटेने नागपूरकडे धावतं. ट्रेलरच्या मागे सळया लोंबत असतात आणि टोकाला लाल फडकं. बाहेर डोकावणाऱ्या सळयांवर केंद्र सरकारने २०१४ मध्येच बंदी घातली. २०१९ च्या दुरुस्तीने गाडीबाहेर माल काढल्यास २० हजारांचा दंडही ठेवला. पण फडकं चिंधीच्या भावात मिळतं! साखळ्या, आवळपट्टे, माल घरंगळू नये म्हणून पाचरी, हा खर्च मालकाला जड जातो. लिंबू-मिरची मात्र दर शनिवारी ताजी. ड्रायव्हरला दोष देऊ नका. मालक देईल त्या दोरखंडावर त्याचाही जीव टांगलेला असतो. याच वाटेवर कोहमाऱ्याजवळ असा ट्रेलर पुढे दिसला, तर गाडी लांबच ठेवा.