प्लॉटकाका

नाशिकच्या कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवर बाकीचे लोक पावलं मोजतात, प्लॉटकाका गुंठे मोजतात. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, शुगर काबूत, जीभ नाही. तुम्ही नुसतं "काय काका, बरंय ना?" म्हणा, पुढच्या वळणापर्यंत गिरणारे गावाकडचा जमिनीचा भाव कानावर पडलेला असतो. गंगापूर रोडच्या प्रत्येक सोसायटीत असे एक काका आहेत. काहींत दोन, आणि मग ते एकमेकांशी बोलत नाहीत.

काकांचं अंतर मिनिटांत असतं. "जेहान सर्कलपासून वीस मिनिटं!" ही वीस मिनिटं पहाटे साडेचारची. रविवारी वाईनरीकडे निघालेल्या मुंबईकरांच्या गाड्यांमागे अडकलात, तर तेवढ्या वेळात आनंदवलीही ओलांडून होत नाही.

भाव वाढायला काकांना निमित्त पुरतं. 2021च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या निओ मेट्रोला 2,092 कोटी जाहीर झाले. आराखड्यातल्या दोन्ही मार्गिका गंगापूरहून निघत होत्या. काकांनी त्याच संध्याकाळी गुंठ्यामागे लाखभर चढवले. मेट्रोचा खांब काही उभा राहिला नाही, भाव मात्र अजून उभा आहे. मग समृद्धी महामार्ग आला. तो इगतपुरी-सिन्नरकडून गेला, पण काकांच्या मते "इफेक्ट इकडेही येतो." आता 2027चा सिंहस्थ. साधू प्लॉट घेत नाहीत, हे त्यांना कोण सांगणार?

एका रविवारी त्यांनी मला 'जागेवर' नेलं. आधी मिसळ, पैसे त्यांचेच. गिरणाऱ्याच्या पुढे डांबर संपलं, मग मुरूम संपला. कमानीवर लेआउटचं नाव होतं, 'ग्रीन'ने सुरू होणारं, आणि खाली शेळ्या. "त्या बाभळीपासून या पोलपर्यंत आपलं," काका हात फिरवत म्हणाले. काकू गाडीतूनच बोलल्या, "मागच्या वेळी बाभूळ शेजाऱ्याची होती." पांढरा रंग लावलेला हद्दीचा दगड बराच वेळ सापडेना. शेवटी तो टोमॅटोच्या क्रेटखाली मिळाला. शेजारच्या शेतकऱ्याने क्रेट सपाट बसावं म्हणून टेकू दिला होता. त्याने बिचाऱ्याने विचारलंही, "हवाय का तुम्हाला?"

काकांची फाईल पाहिली. वर चकचकीत माहितीपत्रक, त्यात पोहण्याचा तलाव. सातबारा सगळ्यात खाली. त्यावर दहा नावं! कारण शेतजमिनीचे फार लहान तुकडे विकू न देणारा तुकडेबंदीचा कायदा, 1947चा. 2023 साली सरकारने जिरायतीसाठी 20 आणि बागायतीसाठी 10 गुंठ्यांची किमान मर्यादा ठरवली. दोन गुंठ्यांचं खरेदीखत होईना, म्हणून एजंटाने दहा जण गोळा करून 20 गुंठ्यांचं एकच खत केलं. कुठले दोन गुंठे कुणाचे, हे फक्त एजंटाच्या वहीत, आणि एजंटाचा फोन लागत नाही. सरकारी मोजणी करून वाटप करायचं तर दहाही जण हवेत. एक दुबईला, एक देवाघरी, त्याची मुलं कोर्टात. रस्ता माहितीपत्रकात तीस फुटी. गटाच्या नकाशात तो दुसऱ्याचा बांध.

"महारेराचा नंबर?" मी विचारलं. "ते फ्लॅटवाल्यांसाठी!" प्लॉटच्या मोठ्या लेआउटलाही ती नोंदणी लागते, हे 2017पासून काकांपर्यंत पोचलेलं नाही. बिगरशेती? "होणारच आहे." हे 'होणारच आहे' काकांच्या तोंडी इतकं बसलंय की मुलाच्या लग्नाबद्दल विचारलं तरी तेच उत्तर येतं. मुलाला तिथे घर बांधायचं होतं. शेतजमीन म्हटल्यावर बँकेने गृहकर्जाचा अर्ज परत केला. मुलगा आता पाथर्डी फाट्याला भाड्याने राहतो. प्लॉटला भाडं येत नाही, आणि सांगितलेल्या भावाला गिऱ्हाईकही येत नाही. तरी काका रोज हिशेब करतात आणि रोज थोडे श्रीमंत होतात.

काका लबाड नाहीत, हीच खरी पंचाईत. ते पोटतिडकीने आपल्या माणसांना आपल्याच खड्ड्यात बोलावतात. सध्या त्यांनी शेजारच्या गटाचा विषय काढलाय. तुम्हाला भेटले तर मिसळ जरूर खा. टोकनची गोष्ट निघाली की मात्र सातबारा, फेरफार, झोन दाखला आणि वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल मागा. काका म्हणतील, "होणारच आहे." तेव्हा दुसरी मिसळ मागवा.