खेळाडूच्या अंगाचा सातबारा

महाराष्ट्रात एका गुंठ्यावरून तीन पिढ्या कोर्टात झिजतात म्हणून आपल्याला उगाच नावं ठेवली जातात. अमेरिकेत व्हिडिओ गेममधल्या बास्केटबॉलपटूंच्या दंडावरच्या गोंदणावरून फेडरल कोर्टात चार वर्षं खटला चालला, त्याला कोणी भाऊबंदकी म्हणालं नाही. त्यांच्याकडे असल्या भांडणाला बौद्धिक संपदा म्हणतात.

त्यामुळे बास्केटबॉलचा व्हिडिओ गेम समजून घ्यायचा तर खेळाचे नियम पाठ करून भागत नाही, महसूल खात्याची नजर लागते. पडद्यावर धावणारा साडेसहा फुटी गडी हा गडी नसून गट आहे. नाव, चेहरा, पाठीवरचा नंबर, केसांची ठेवण, बॉल फेकायची लकब, हे सगळे त्याचे पोटहिस्से. खेळाडूंची संघटना सभासदांचे हे हिस्से गोळा करून एकगठ्ठा भाड्याने देते, संघांचे लोगो आणि गणवेश लीग देते, आणि गेम कंपनी दोघांचाही खंड भरते. 2019 मध्ये एनबीए ही लीग, तिची खेळाडू संघटना आणि ‘एनबीए टूके’ काढणारी टेक-टू कंपनी यांचा सात वर्षांचा करार झाला, तेव्हा बातम्यांत 1.1 अब्ज डॉलरपर्यंतचा आकडा आला होता. आपल्याकडे एवढ्या रकमेत धरण होतं. निदान त्याचं भूमिपूजन तरी नक्की होतं.

या सामाईक खात्यातून आपला हिस्सा वेळेवर फोडून घेतला तो मायकेल जॉर्डनने. 1993 मध्ये मिडवे कंपनीचा ‘एनबीए जॅम’ आर्केडमध्ये आला, तेव्हा जॉर्डन पृथ्वीतलावरचा सर्वात प्रसिद्ध बास्केटबॉलपटू होता आणि गेममध्ये नव्हता. त्याच्या शिकागो बुल्स संघाकडून पिपेन आणि ग्रँट खेळायचे. लागोपाठ तीन बास्केट टाकली की बॉल पेट घ्यायचा, खेळाडू स्वतःच्या उंचीच्या कितीतरी पट वर उडायचे. गुरुत्वाकर्षणाची परवानगी कोणी मागितली नाही, कारण त्याला वकील नव्हता. जॉर्डनला होता. पुढे घरगुती आवृत्त्यांत गुप्त पात्रं म्हणून बिल क्लिंटन आणि अल गोर अवतरले. देशाचा राष्ट्राध्यक्ष डंक मारायला मोकळा, पण बुल्सचा जॉर्डन मात्र बुल्समधून गायब. महासत्तेत कोणाचं वजन किती, याचा इतका सरळ हिशोब राज्यशास्त्राच्या पुस्तकातही सापडत नाही.

त्यात गेमचा कर्ता मार्क टर्मेल हा डेट्रॉइट पिस्टन्सचा भक्त. बुल्स विरुद्ध पिस्टन्स सामना अटीतटीचा झाला की शेवटच्या क्षणी बुल्सचे नेम चुकावेत, अशी सोय त्याने प्रोग्रॅममध्येच करून ठेवली होती, आणि पुढे हे स्वतःच सांगितलं. म्हणजे थोरला हिस्सेदार वेगळा निघालाच होता, मागे राहिलेल्यांचा बांधही शेजाऱ्याने रातोरात कोरला.

ईए कंपनीच्या ‘एनबीए लाइव्ह’ मालिकेत तर बुल्सचा एक गार्ड बिननावाचाच खेळायचा. नावाच्या जागी नुसतं ‘रोस्टर प्लेअर’. तो कोण हे शेंबड्या पोरालाही कळायचं, फक्त कंपनीला कळत नव्हतं, कारण कळलं की पैसे द्यावे लागले असते. याच ईएने ‘क्रिकेट 07’ मध्ये इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाची खरी नावं घेतली आणि आपल्या संघाच्या नावांची अक्षरं इकडची तिकडे केली. आपली पोरं सुट्टीभर ती दुरुस्त करत बसली. नावातली चूक हा कायद्याच्या तावडीतून सुटायचा मार्ग असेल, तर आपल्या मतदार याद्या जगात सर्वात सुरक्षित मानायला हव्यात.

हिस्सा फोडून जॉर्डनने स्वतःच्या रानात काय पिकवलं? 1994 चा ‘केऑस इन द विंडी सिटी’. त्यात तो अपहरण झालेल्या खेळाडूंना सोडवायला निघतो आणि वाटेतल्या राक्षसांना बॉल फेकून मारतो. त्याच वर्षी बास्केटबॉलपटू शकील ओनीलच्या नावाने ‘शॅक फू’ आला. त्यात तो कुंग फू करतो. दोघांनाही जे उत्तम येत होतं, तेवढं सोडून सगळं करायची मुभा होती. जॉर्डनला मात्र थांबणं परवडलं. 2010 मध्ये ‘एनबीए टूके11’ च्या थेट मुखपृष्ठावर तो आला आणि आत त्याच्या कारकिर्दीतले दहा गाजलेले सामने मांडलेले होते. निवृत्त माणसाला एवढा मान आपल्याकडे फक्त सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुकीत मिळतो. चार्ल्स बार्कलीही या मालिकेतून अनेक वर्षं गायब होता. निवृत्त खेळाडूंच्या संघटनेला पैसे द्या, मग बघू, असं तो जाहीर म्हणाला होता. गावकीचं भलं मागितलं की फाइल कशी अडकते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

ज्यांना थांबणं परवडत नाही, त्यांची नोंद कुळाच्या रकान्यात असते. एड ओबॅनन 1995 साली यूसीएलएला विद्यापीठांचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणाऱ्या संघाचा नायक. पुढे तो लास वेगासमध्ये गाड्यांच्या शोरूममध्ये नोकरी करत असताना, एका मित्राच्या घरी ईएच्या गेममध्ये तो स्वतःलाच पडद्यावर भेटला. तोच वर्ण, तोच 31 नंबर, तोच डावखुरा हात. नाव तेवढं नव्हतं. विद्यार्थी-खेळाडूने पैशाला शिवायचं नसतं, असं विद्यापीठ क्रीडा संघटना एनसीएएचं सोवळं. विद्यापीठांनी आणि कंपन्यांनी शिवायला मात्र शास्त्राची आडकाठी नव्हती. 2009 मध्ये ओबॅनन कोर्टात गेला. 2014 मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी एनसीएएविरुद्ध निकाल दिला, आणि गेमपुरत्या दाव्यांवर ईए, विद्यापीठांचे परवाने देणारी कंपनी आणि एनसीएए यांनी मिळून सहा कोटी डॉलर मोजले. कसेल त्याची जमीन हे तत्त्व आपण 1948 च्या कायद्यापासून गिरवतो आहोत. तिकडे ते पोहोचायला एक डावखुरा माणूस लागला. पोहोचल्यावर भाव काय फुटला? 2024 मध्ये ईएने विद्यापीठ फुटबॉलचा गेम परत काढला तेव्हा प्रत्येक खेळाडूला 600 डॉलर आणि गेमची एक प्रत. वाणात निदान वस्तू तरी दुसऱ्याची देतात. इथे ज्याचा चेहरा, त्यालाच त्याची प्रत.

आता ‘इतर हक्क’ हा रकाना. लेब्रॉन जेम्स, केनियन मार्टिन आणि एरिक ब्लेडसो यांच्या अंगावरच्या पाच गोंदणांचे हक्क सॉलिड ओक स्केचेस नावाच्या कंपनीने घेतले आणि 2016 मध्ये टेक-टूला गाठलं. मागच्या वापराचे 8,19,500 डॉलर आणि पुढच्या कायमच्या वापराचे 11,44,000. हात लेब्रॉनचा, दुखलं लेब्रॉनला, पण शाईवर बोजा तिसऱ्याचा. मग कोर्टात मोजणी झाली. ही गोंदणं गेमच्या एकूण डेटाच्या 0.000286 ते 0.000431 टक्के भरली. भूमी अभिलेखाच्या मोजणीदाराने हा आकडा पाहिला तर तो साखळी खाली ठेवून नमस्कार करील. 2020 मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला. गोंदणाऱ्याला ठाऊक होतं की हा गडी टीव्हीवर दिसणार, तेव्हा दिसण्याची परवानगी त्यातच आली, असं कोर्टाचं म्हणणं. लेब्रॉनला स्वतःचा हात बाहेर न्यायला मोकळीक मिळाली. तरी दुसऱ्या एका गोंदणाऱ्याचा दावा क्लीव्हलँडच्या ज्युरीपुढे 2024 पर्यंत चाललाच. तोही टेक-टूने जिंकला.

राहिलं गिऱ्हाईक. दरवर्षी नवा गेम घ्यायचा आणि दोनेक वर्षांनी कंपनी जुन्याचे सर्व्हर बंद करते, तेव्हा खर्च केलेली आभासी नाणी तिथेच सोडून यायची. पण खरा कमालीचा व्यवहार ‘एनबीए टूके15’ मध्ये झाला. कॅमेऱ्यापुढे पंधरा मिनिटं बसून, मान हळूहळू डावी-उजवीकडे वळवून स्वतःचा चेहरा गेममध्ये चढवायची सोय. दोघांनी इलिनॉयच्या कायद्याखाली दावा लावला की आमचा चेहरा कंपनीने ठेवून घेतला. न्यायालय म्हणालं, चेहरा इतरांना दिसेल या अटीवर तुम्हीच होकार दिला होता, नुकसान दाखवा. 2017 मध्ये अपिलातही तेच झालं.

जॉर्डनने जो चेहरा वर्षानुवर्षं रोखून धरला आणि कंपन्यांना झुलवलं, तोच ऐवज आपण साठ डॉलरचा गेम विकत घेऊन, मान वळवून, अटी न वाचता देऊन मोकळे झालो. महसुली भाषेत अशा व्यवहाराला बक्षीसपत्र म्हणतात. मुद्रांक शुल्कही आपणच भरलेलं असतं.