बसलेला घसा उठवण्याची रीत

पहाटे आवंढा गिळताना काटा टोचला, की समजावं घसा धरला. ही बातमी लगेच फोडू नये. नवशिके इथंच चुकतात. घसा आपला असला तरी उपचार घराचे असतात, आणि आई, आत्या व शेजारच्या काकू अशी तीन औषधालयं एका मजल्यावर चालतात. पण 'चहा' म्हणायला जावं तर 'खहा' निघतो, आणि आतून प्रश्न येतो, "काल फ्रिजमधलं पाणी कोण प्यायलं?" कबुली देऊन टाकावी. प्यायला नसाल तरी द्यावी. तपास लवकर संपतो.

आरंभ गुळण्यांनी करावा. पेलाभर कोमट पाण्यात पाव ते अर्धा चमचा मीठ. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं ना? सुजलेल्या घशातलं पाणीही खारट पाणी तसंच ओढून घेतं, म्हणून घटकाभर हलकं वाटतं. मान मागे टाकून घशातून घर्रर्र आवाज काढावा. पहिल्या दिवशी निम्मं पाणी पोटात जातं, निम्मं आरशावर. मीठ वाढवून गुण वाढत नाही, ओकारी तेवढी येते.

मग आईचा काढा. आलं, तुळस, गवती चहा, मिरे, लवंग, दालचिनी. दोन कपांचं पाणी एक कप होईस्तोवर उकळायचं. गुळाचा खडा मागून पाहावा, मिळेलच असं नाही. "औषध आहे, सरबत नव्हे," हे वाक्य काढ्याबरोबर येतंच.

रात्री आत्याबाईंचं हळदीचं दूध. याला नाक मुरडू नये, कारण आत्यांचा हिशेब पक्का असतो. हळदीतलं करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. मिऱ्यानं ते अंगात जास्त शोषलं जातं. आत्या रसायनशास्त्र न शिकता त्यात चमचाभर तूप आणि मिरपूड घालतात. हळदीनं घसा बरा होतो की नाही यावर वाद घालता येईल, उशीचा अभ्रा पिवळा होतो यावर नाही. त्याला धुण्याचा साबण लावला की डाग चक्क लाल होतो. घाबरू नये, घशातून रक्त आलेलं नसतं. हळद साबणातल्या क्षाराला भेटली की रंग बदलते, एवढंच.

काकूंकडून डब्यातून ज्येष्ठमध येतं. काडी चघळत बसावं. गोड लागते आणि तोंड गुंतलेलं राहतं, हा तिचा मोठाच गुण. मात्र रक्तदाब असलेल्या बाबांनी "मलाही दे" म्हटलं तर देऊ नये, जास्त ज्येष्ठमधानं दाब वाढतो. तसंच मध चाटताना घरातल्या वर्षाच्या आतल्या बाळाला बोट लावू नये, आजी कितीही म्हणाली तरी. त्या वयात मधातले जंतुबीज जिवावर बेतू शकतात.

सगळ्यात गुणकारी औषध म्हणजे गप्प बसणं, आणि ते घरात कोणी घेऊ देत नाही. दर तासाला विचारणा होते, "कसा आहे घसा?" उत्तर दिलं नाही तर सगळे काळजीत पडतात आणि दुसरा काढा चढतो.

श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, लाळही गिळवेना, ताप चढला, किंवा आठवडा उलटूनही उतार पडेना, तर मात्र काढ्याखालचा गॅस बंद करून डॉक्टर गाठावा. एरवी बहुतेक घसे विषाणूनं धरतात आणि आठवड्याभरात आपले आपण सुटतात. हे घरात बोलू नये. आईला म्हणावं, काढ्यानं सुटला. आत्यांना म्हणावं, हळदीनं. दोघी एका खोलीत असतील तर खोकावं.

राहिला काकूंचा डबा. तो रिकामा परत करायचा नसतो. आमच्याकडे त्या दिवशी लिंबाचं लोणचं मुरलं होतं, तेच भरून दिलं. परवा जिन्यात भेटल्या तेव्हा काकू खुणेनंच बोलत होत्या.