कासवाची धाप

ज्याच्या गळ्यात खर्ज आहे त्याने विनम्र राहावे तरी कसे, हा पेच मला आजवर सुटलेला नाही. त्यामुळे एका कार्टूनमालिकेला आवाज देण्याचे आमंत्रण येताच, दूरदर्शनवरच्या हिंदी 'जंगल बुक'मधला नाना पाटेकरांच्या आवाजातला शेरखान आठवून मी मनोमन वाघ झालो, आणि स्टुडिओत रुजू झाल्यावर कळले की आपली नेमणूक एका दमेकरी कासवाच्या जागी आहे. खुद्द वॉल्ट डिस्ने १९२८ पासून कित्येक वर्षे मिकी उंदराचा आवाज स्वतः काढीत असत, या दाखल्याच्या आधारे मी तो अपमान गिळला.

येथे बग्ज बनीच्या गाजराविषयी लिहिल्यावाचून माझी लेखणी पुढे सरकणार नाही. त्या सशाचा आवाज असलेला मेल ब्लँक मायक्रोफोनसमोर खरेखुरे गाजर कराकरा चावी, आणि भरल्या तोंडाने बोलता येत नाही व गिळीत बसल्यास सर्वांचा खोळंबा होतो म्हणून ते थुंकून मगच पुढचे वाक्य म्हणे. ही हकीकत साग्रसंगीत निवेदन करून मी कासवासाठी कोथिंबिरीची जुडी मागितली. ती नामंजूर झाली, आणि तोंडातली चिकचिक थांबावी म्हणून हिरवे सफरचंद खाण्याचा उलट हुकूम मिळाला.

"काका, आता जरा गप्प बसा. रूम टोन घ्यायचाय," रेकॉर्डिस्ट म्हणाला. खोलीची नुसती शांतता टिपायची होती. माझी एकाच टेकमध्ये मंजूर झालेली कामगिरी तेवढीच. मग त्याने माझ्या 'प'चे स्फोट दाबले, 'स'ची शीळ बोथट केली, आणि पडद्यावर प्रत्येक वाक्याआधी दिसणारा श्वासाचा बारीक, केसाळ पट्टा खारीज करून त्या जागी ती शांतता चिकटवली.

तेव्हा मात्र मला खरोखर राग आला. माझे आजोबा जिना चढून आल्यावर 'पाणी' म्हणण्यापूर्वी जो श्वास घेत, त्यातच ते मागणे पुरते येऊन गेलेले असे, आणि शब्द निघेपर्यंत आजी तांब्या घेऊन उभी राही. म्हातारपण शब्दात नसते, शब्दाआधी असते. तेच काढून टाकल्यावर उरते ती रेल्वे स्थानकावरची उद्घोषणा.

सुदैवाने कार्टूनमध्ये आवाज आधी आणि चित्र मागाहून, त्यामुळे कासवाने मान कधी उचलावी हेच समजेना, अशी चित्रकाराची तक्रार दाखल झाली. मूळ फीत ऐकून त्याने निकाल दिला : श्वास अप्रतिम, ते ठेवावेत, शब्द दुसऱ्या कुणाकडून घ्यावेत.

त्याप्रमाणे झाले. आता घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी ती मालिका दाखवतो, आणि कासव बोलू लागले की आवाज बंद करतो.