एका लिटरला 40 मिली

दोरी ओढून ओढून खांदा भरून आलाय, इंजिन ढिम्म आहे आणि कुंपणापलीकडे माणसं थांबायला लागली आहेत, अशा वेळी मी सावकाश हात पुसतो आणि नाणेघाटाकडे बघतो. वैशाखऱ्यात ही सोय आहे. मान जरा वर केली की नानाचा अंगठा समोर उभा असतो आणि बंद मशीनवरून विषय थेट दोन हजार वर्षं मागे नेता येतो.

गावात मला शेठ म्हणतात. कल्याणला सोसायटीचा वॉचमन मला नुसतं ‘ओ’ म्हणून हाक मारतो, त्यामुळे काही गुंठ्यांच्या जोरावर मिळालेली ही पदवी मी फार जपतो. गवत कापायचं पेट्रोलवरचं मशीन घेतलं ते गवतासाठी, असं घरी सांगितलं. खरं कारण त्याच्या खोक्यावरचं चित्र होतं. खांद्यावरून पट्टा, डोळ्यांना जाळीचा मुखवटा, हातमोजे, गमबूट आणि चेहऱ्यावर जमीन जिंकल्याचा भाव. खोक्यावरचा तो माणूस दोरी ओढतानाचा फोटो कंपनीने कुठेच छापलेला नव्हता.

माळशेजकडचा पाऊस आणि गवत यांचं नातं मी वाचकांना सांगायला नको. श्रावणात माझा प्लॉट शोधावा लागतो.

तर इंजिन. टू-स्ट्रोक, 52 सीसी. याच्या पोटात ऑइलची वेगळी टाकी नसते. वंगण पेट्रोलबरोबरच आत जातं. माझ्या मशीनला एका लिटरला 40 मिली टू-टी, म्हणजे पंचवीसास एक. ऑइल कमी पडलं तर पिस्टन सिलिंडरला धरतो, जास्त झालं तर प्लग काजळतो. हे मिश्रण मी स्वतः करतो, कोणाला हात लावू देत नाही. मापाला खोकल्याच्या औषधाचं टोपण. बायको म्हणते, इतकं मोजूनमापून आयुष्यात एकदा चहात साखर घातली असतीत तर!

प्लग तपासणं हा तर माझा अत्यंत आवडता विधी. प्लग खोलायचा, उजेडात धरायचा आणि डॉक्टर जीभ बघतात तसा बघायचा. बिस्किटी रंग म्हणजे प्रकृती उत्तम. काळा आणि ओला म्हणजे पेट्रोल जास्त होतंय. पांढरट म्हणजे हवा जास्त, इंजिन तापतंय. मग पॉलिश पेपरने टोक घासायचं, फटीचा अंदाज घ्यायचा आणि ‘हं’ म्हणायचं. हे ‘हं’ महत्त्वाचं. शेजारच्या वाडीतले दादा माझं ‘हं’ ऐकून गप्प बसतात. पुढे काय करायचं हे मला कळलेलं नाही, एवढं त्यांना त्यावरून बरोबर कळतं.

अशा वेळी नाणेघाट. पाहुण्यांनाही मी तिकडेच वळवतो. जुन्नरकडून कोकणात उतरणारी सातवाहनांची ही व्यापारी वाट. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांचा माल इथून चढायचा. वर दगडी रांजण आहे, तो जकातीचा असं सांगतात. शेजारच्या गुहेत भिंतभर ब्राह्मी लेख आहे, नागनिका राणीच्या काळचा. त्यात यज्ञांची यादी आणि दिलेल्या दानाचे आकडे आहेत. गाई, घोडे, हत्ती, रथ, कार्षापणं. आपल्याकडच्या कोरीव आकड्यांचे हे फार जुने नमुने, म्हणून जगभरचे गणिताचे अभ्यासक या लेखाचं नाव घेतात. राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्तीही तिथे होत्या. आता राहिलीत ती वर कोरलेली नावं आणि खाली थोडेसे पायांचे अवशेष. इथपर्यंत आलो की मला थांबवणं कठीण असतं. मी लिपीवर जातो, मग पैठणवर, मग रोमन व्यापारावर. पण या लेखातली माझी सगळ्यात लाडकी नोंद वेगळीच आहे. यज्ञ बघायला जमलेल्या प्रेक्षकांनाही दक्षिणा दिल्याचं त्यात येतं. नुसतं बघितल्याबद्दल! आमच्या कुंपणापाशी दर रविवारी जमणाऱ्या मंडळींना हे मी एकदा मोठ्या उत्साहाने सांगितलं. तेव्हापासून दादा दोरीचा पहिला झटका बसला की हात पुढे करतात, “शेठ, दक्षिणा?”

असो. हे मशीनही एका हौशी माणसाच्याच डोक्यातून निघालं आहे. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचे जॉर्ज बॅलस, एरवी नृत्यशाळा चालवणारे. 1971 साली गाडी धुवायच्या यंत्रातले गरगर फिरणारे ब्रश त्यांनी पाहिले आणि घरी येऊन एका डब्याला मासेमारीची नायलॉन दोरी अडकवून गवतावर फिरवली. नाचणाऱ्या माणसालाच हे सुचणार. माझ्यासारख्याने ब्रश बघितले असते आणि ‘हं’ म्हटलं असतं.

माझ्या मशीनचं दुखणं बहुधा कार्बोरेटरचं असतं. कसंही वाकडं धरलं तरी इंजिन चालावं म्हणून त्यात तरंगत्या गोळ्याऐवजी रबरी पडदा असतो, पापुद्र्याएवढा पातळ. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. इथेनॉल ओलावा ओढतं, आणि पावसाळ्यात आमच्याकडे ओलाव्याची कमतरता नाही. टाकीत महिनाभर पेट्रोल तसंच राहिलं की पाणी तळाशी बसतं, पडदा ताठरतो, बारीक भोकं चिकटतात. उपाय साधा आहे. काम झालं की टाकी रिकामी करायची आणि उरलंसुरलं संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. मी हे दरवेळी करतो. फक्त दमून आराम करून झाल्यावर करतो, म्हणजे पुढच्या रविवारी.

बाजारातला मेकॅनिक पडदा बदलत नाही. तो म्हणतो, अख्खा कार्बोरेटर टाका, परवडेल. पुढच्या खेपेला म्हणाला, अख्खं मशीनच टाका. माझं वय बघून तिसऱ्या खेपेला काय म्हणेल, या धास्तीने मी जायचं सोडलं.

त्याच्याकडे न जायचं आणखी एक कारण आहे, आणि ते विनोदाचं नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी एक छोटी जाळी असते. काजळी धरली की ती तुंबते आणि इंजिन दम टाकतं. त्याने ती पकडीने उपटली, कोपऱ्यात फेकली आणि म्हणाला, “काढूनच टाकली. आता बघा पिकअप.” पिकअप खरोखरच आला. पण ती जाळी ठिणगी अडवायला असते. भाद्रपदात ठिणगीचं काय होणार? फाल्गुनात मात्र आमचा अख्खा माळ वाळून पिवळा पडलेला असतो. दिवाळीनंतर कापलेल्या ज्या गवताच्या गाठी एकेकाळी मुंबईच्या तबेल्यांकडे जायच्या, तेच गवत आता कोणी कापत नाही. उभं वाळतं आणि पेटतं. रात्री डोंगरावर वणव्याची लाल रेघ सरकताना दिसते. आमच्यासारखे शनिवार-रविवारचे शेठ अंगतपंगत करून विडी-सिगरेट टाकून जातात, काही जण तर साफसफाई स्वस्तात व्हावी म्हणून मुद्दाम काडी लावतात. सकाळी काळ्या माळावर वाडीतली पोरं झोडप्या घेऊन उरलेली आग मारत असतात. त्यांच्या गुरांचा चारा गेलेला असतो, शेठ कल्याणला पोचलेले असतात. मी ती जाळी कोपऱ्यातून उचलली, घरी तापवली, ब्रशने घासली आणि जागेवर बसवली. मेकॅनिकला जे बोलायचं होतं ते गाडीत एकटाच बोलत आलो.

तर आता दुरुस्ती घरीच. पडदा, प्लग, हवेचा फिल्टर, गिअरबॉक्सचं ग्रीस, सगळं ओटीवर वर्तमानपत्रावर मांडून. गवत कापण्यापेक्षा मला हेच जास्त आवडतं, हे घरी अजून कोणाला सांगितलेलं नाही. सगळ्यांना माहीत आहे. वाडीतल्या मावशीही खुश आहेत. मशीन टाकळा, कुर्डू, फोडशी काही ओळखत नाही, सरसकट मारतं. म्हणून त्या अगोदर येऊन विचारतात, “शेठ, आज चालू व्हनार हाय का? नाय ना? मंग सावकाश खुडते.”

परवा दादा त्यांचा फवारणीचा पंप घेऊन आले. तोही टू-स्ट्रोकच. “मिस्त्री, जरा बघता का?” म्हणाले. मिस्त्री! शेठपेक्षा ही बढती मोठी होती. मी प्लग काढला, उजेडात धरला, ‘हं’ म्हटलं आणि कार्बोरेटर खोलायला घेतला. दादा थोडा वेळ बसले. मग कंटाळून उठले, कमरेच्या आकडीतला कोयता काढला आणि वेळ जावा म्हणून गवताला लागले. तेरडा तेवढा शिल्लक ठेवत होते, गौरीसाठी. पंप दुसऱ्या झटक्याला सुरू झाला आणि मी अभिमानाने मान वर केली, तर ते कापत कापत पलीकडच्या कुंपणाला पोचले होते. मजुरी त्यांनी मला द्यायची की मी त्यांना, यावर आमची बोलणी अजून चालू आहेत.