छत्तिसाचा आकडा

कराओके क्लब असो की सोसायटीचा गणेशोत्सव, गायला अर्धी सोसायटी तयार असते आणि ड्रम वाजवायला कुणीच नसतं. तिथे हा उगवतो. वय साठीच्या आगेमागे, बँकेतून नाहीतर टेलिफोन खात्यातून स्वेच्छानिवृत्ती, खांद्याला लॅपटॉप आणि काखेत टॉवेलात गुंडाळलेलं ड्रममशीन. मशीन बहुधा अलेसिसचं एसआर-१६. हे मॉडेल १९९०च्या सुमारास बाजारात आलं, आणि त्यानंतर मानवजातीने थांबायला हरकत नव्हती असं याचं मत आहे.

तुम्हाला ड्रम वाजवता येतो का, असं याला विचारू नये. त्याला ताल ‘बसवता’ येतो. कुठून तरी जुन्या गाण्याची मिडी फाइल मिळवायची, त्यातला ड्रमचा भाग वेगळा काढायचा आणि मशीनच्या गळी उतरवायचा, हा त्याचा उद्योग. मिडीत आवाज नसतोच मुळी. कोणता नंबर, कधी आणि किती जोरात, एवढीच नोंद. जोरसुद्धा १ ते १२७ मध्ये मोजलेला. १९९१ साली जनरल मिडी या मानकाने नंबर ठरवून दिले: बास ड्रम ३६, स्नेअर ३८, बंद हाय-हॅट ४२, उघडी ४६, आणि तालाची सगळी वाद्यं चॅनेल १० वर. हयातभर खतावणी जुळवलेल्या माणसाला याहून सुंदर संगीत कुठे मिळणार?

पण खतावणी जुळत नाही. फाइल ३६ म्हणते आणि मशीन काउबेल वाजवतं, कारण मशीनच्या त्या किटमध्ये तो नंबर दुसऱ्याच पॅडला दिलेला. मग एकेक पॅड उघडून नंबर बदलणं आलं. त्यात ६० नंबरच्या सुराला यामाहावाले सी-३ म्हणतात आणि रोलँडवाले सी-४, म्हणजे अख्ख्या सप्तकाचा घोळ. काही सॉफ्टवेअर चॅनेल शून्यापासून मोजतात, तिथे १० चा ९ होतो. बायको दारात येऊन विचारते, “अहो, गाणं कधी ऐकवणार?” “अजून मॅपिंग चाललंय.” गेल्या दिवाळीतही तेच चाललं होतं.

मशीनला मिडी फाइल उघडता येत नाही. त्याला यूएसबीचं भोकच नाही. पाच पिनांची केबल लावून लॅपटॉपवर फाइल वाजवायची आणि मशीनने ती ऐकून टिपून घ्यायची. या वेळी घरात बोलायला बंदी. केबलमधून नुसते आकडे जातात, कुकरच्या शिट्टीला त्यात शिरायला वाव नाही, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसेल. तरी तो गॅस बंद करायला लावतो.

मग येते साफसफाई. फाइलमध्ये एका मात्रेचे ४८० भाग, मशीनमध्ये ९६. उरलेला बारकावा गळून जातो. दादऱ्याच्या सहा मात्रा आणि मशीनचा कोरा पॅटर्न आठ मात्रांचा, म्हणून लांबी कापायची. मागेपुढे पडलेला प्रत्येक ठोका हा ओढून रेषेवर आणतो, त्याच्या भाषेत ‘क्वांटाइझ’ करतो. सगळा ताल शिस्तीत उभा राहिला की ऐकतो, आणि तोंड वाकडं करून म्हणतो, “यांत्रिक वाटतंय.” पुढचे कित्येक दिवस तेच ठोके हाताने थोडे थोडे चुकवण्यात जातात. ही कला मला आजवर फक्त सरकारी रस्त्यांच्या डांबरीकरणात दिसली होती.

एका बाबतीत मात्र त्याचा राग रास्त आहे. जनरल मिडीत सतारीला १०५ नंबर आहे, सनईला ११२ आहे. तालवाद्यांत शिट्टीला दोन नंबर, ब्राझीलच्या कुईकाला दोन नंबर. तबला आणि ढोलकीला एकही नाही. हे ऐकवताना त्याचा आवाज सीमाप्रश्नावर बोलल्यासारखा होतो. लावणी बसवायची तर धुमाला लो कोंगा आणि चाटीला हाय बोंगो लावावा लागतो. लावणी हवानाला जाऊन येते. कोपऱ्यातला खरा ढोलकीवाला तेवढ्यात तीच लावणी सहज वाजवून चहा मागतो. हा त्याच्याकडे मायेने बघतो. “हाताने वाजवतो बिचारा.”

कार्यक्रमाच्या दिवशी मशीनची कळ दाबली जाते. पायाखाली एक स्विच असतो. कडव्याच्या शेवटी तो दाबून हा फिल घालतो. आयुष्यात वाजवायचं म्हणून तो एवढंच वाजवतो, आणि बुटातला अंगठासुद्धा त्या वेळी भावविवश झालेला असतो. गाणाऱ्या काकूंनी आलाप लांबवला तर ढोलकीवाला थांबला असता. मशीन थांबत नाही. काकू एकीकडे, सम दुसरीकडे. खाली उतरल्यावर हा शांतपणे सांगतो, “मॅपिंग बरोबर होतं. काकूच क्वांटाइझ केलेल्या नाहीत.”

तरीही वादक आयत्या वेळी टांग देतात आणि हा देत नाही. पैसे घेत नाही, रुसत नाही, प्लगपासून वायरपर्यंत सगळं स्वतःचं आणतो. तेव्हा यंदा गणपतीत गाण्यांचा कार्यक्रम ठेवणार असाल तर यालाच बोलवा. फक्त गाण्यांची यादी गुढीपाडव्याच्या आत द्या, आणि त्यात लावणी घालू नका.