रुग्णव्यवहारदीपिका

रुग्णालयाची पायरी चढण्यासाठी प्रकृती ठणठणीत असावी लागते, हे या शास्त्राचे आद्य सूत्र होय. आणि ज्या अर्थी ते कोणत्याही वैद्यकग्रंथात नमूद नाही, त्या अर्थी ते मुरलेल्या रुग्णाने नवख्याच्या कानी घालणे क्रमप्राप्त आहे. पहाटे पाचला उठून, उपाशीपोटी दोन बसगाड्या बदलून, केसपेपराच्या रांगेत आपल्यापुढे चाळीस माणसे उभी आहेत हे पाहूनही ज्याची छाती दडपत नाही, आणि तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर, तेथून ‘ते आता जुन्या इमारतीत गेलं’ असे ऐकून जुन्या इमारतीत, आणि जुन्या इमारतीस कुलूप दिसताच पुनश्च तळमजल्यावर येण्याइतके बळ ज्याच्या पायांत आहे, त्यानेच आजारी पडण्याचे धाडस करावे. अशक्त माणसाने आधी चार दिवस घरी पडून राहावे, मऊ भात खावा, आणि अंगात त्राण आल्यावर मग सवडीने दुखणे दाखवावयास निघावे.

दुसरे सूत्र असे की, रुग्ण म्हणजे कागद होय; देह हे त्या कागदास जोडलेले सहपत्र. गेल्या वर्षी पित्ताशयातील एका खड्याने मला हे ज्ञान करून दिले. खिडकीपलीकडील कारकून संगणकावर एका बोटाने मजकूर उतरवीत होते. मी बरगडीखाली हात दाबून धरून कळ कोठून निघते आणि खांद्यापर्यंत कशी जाते, याचे साद्यंत निवेदन आरंभिले, तोच ते मान वर न करता म्हणाले, “कळ आत सांगा. इथं पिनकोड सांगा.” वय मी सत्तेचाळीस सांगितले, यंत्रातून बाहेर आलेल्या कागदावर 74 छापले होते. दुरुस्तीची विनंती करताच त्यांनी अत्यंत सौजन्याने खुलासा केला की, वयातील फेरफारासाठी अर्ज, आधारकार्डाची झेरॉक्स आणि अधीक्षकसाहेबांची सही लागेल, साहेब मीटिंगला आहेत, आणि मागे रांग खोळंबली आहे. कळ जबर होती. मी 74 वर्षे पत्करली.

येथे एक व्यावहारिक सूचना. शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने 15 ऑगस्ट 2023 पासून आपल्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले आणि त्याबरोबर केसपेपराची फीही गेली. परंतु फी गेली म्हणून खिडकीही गेली, अशा समजुतीने कोणी थेट आत शिरू नये. शिवाय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये निराळ्या खात्याकडे, महापालिकेची त्याहून निराळी. तेव्हा कोणते दार कोणाच्या अखत्यारीत येते, याची चौकशी दुखणे सुरू होण्यापूर्वी करून ठेवावी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा लाभ घ्यावयाचा असल्यास ‘आरोग्यमित्र’ नावाचा इसम टेबलाशी शोधावा, आणि तो जागेवर नसला तरी टेबल सोडू नये. मनुष्य चहाला गेला तरी परत टेबलाशीच येतो.

आत गेल्यावर भाषा बदलते. स्ट्रेचर ढकलणारे ते मामा, झाडलोट करणाऱ्या त्या मावशी, परिचारिका ती सिस्टर आणि परिचारक तो ब्रदर, असे अवघे गोत एका दुपारीत जोडता येते. या गोतावळ्यातून सुटतात ते फक्त मोठे डॉक्टर, त्यांना ‘सर’ म्हणावे. मामांचे मन राखावे. क्ष-किरण विभागाकडे जाण्याचा जवळचा मार्ग कोणत्याही फलकावर नाही, तो केवळ मामांस ठाऊक असतो. मात्र आपले एक खरे नातलग बरोबर असू द्यावे, कारण “पेशंटबरोबर कोण आहे?” ही आरोळी दिवसातून दहा वेळा उठते, आणि तिला “मीच” असे उत्तर देणारा रुग्ण सर्वांनाच संशयास्पद वाटतो.

सकाळचा राउंड हा मुख्य विधी. त्या समयी कॉटवर असावे, चादर नीट ओढलेली असावी आणि बोलू नये. निवासी डॉक्टर, दोन रात्रींच्या जागरणाने डोळे तांबारलेला पंचविशीतला मुलगा (त्याची मला माझ्या खड्यापेक्षा अधिक दया आली), कागद वाचून सरांना माझी हकीकत इंग्रजीतून ऐकवीत होता. तीत मी 74 वर्षांचा, प्रकृतीने बऱ्यापैकी राखलेला गृहस्थ होतो. सरांनी प्रसन्न होऊन सहा विद्यार्थ्यांना बोलावले आणि बरगडीखाली नेमके कोठे दाबले असता रुग्णाचा श्वास अडतो, हे प्रत्येकाकडून करवून घेतले. साही वेळा अडला. याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही, मुंबईत जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय 1845 साली जोडीनेच उभे राहिले, तेव्हापासून आमच्या पोटांवर पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर तयार होत आले आहेत, आणि आमच्या नातवंडांनाही त्यांचीच गरज पडणार आहे. सर निघून गेल्यावर त्या मुलाने हळूच माझी चादर सारखी केली आणि म्हणाला, “या वयात एवढं चालायचंच, आजोबा.” माझ्या मिशा तेव्हा काळ्या होत्या.

धर्मादाय रुग्णालयात जाणाऱ्याने मात्र प्रथम भिंती वाचाव्यात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यातील कलम 41 कक आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली मंजूर केलेली योजना यांनुसार तेथील दहा टक्के खाटा निर्धनांस मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांस सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात. इतर रुग्णांच्या बिलांतील दोन टक्के रक्कमही या रुग्णांसाठीच्या निधीत जाते. याचा फलक भिंतीवर लावलेला असतोच. तो पुष्कळदा पामच्या कुंडीमागे किंवा औषधदुकानाच्या जाहिरातीखाली असतो, इतकेच. कुंडी सरकवावी. तसेच आपल्या उपचारांच्या कागदपत्रांची मागणी केल्यावर ती 72 तासांत मिळावीत, असा वैद्यक परिषदेचा 2002 चा नियम आहे. मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी. तोंडी मागणाऱ्यास ‘उद्या या’ हे उत्तर मिळते, आणि ते उत्तर कोणत्याही नियमात नसूनही बिनचूक पाळले जाते.

डिस्चार्जचा दिवस हा मुक्तीचा दिवस नव्हे, सह्यांचा दिवस होय. डबा बरोबर ठेवावा. माझ्या कार्डावर सायंकाळी पाचला शेवटचा शिक्का बसला. नाव बरोबर, खडा बरोबर, वय 74. परतताना एस.टी.त, इतक्या हालअपेष्टांचे काहीतरी फळ पदरी पडावे या लोभाने, मी ते कार्ड पुढे करून ज्येष्ठ नागरिकांचे अर्धे तिकीट मागितले. कंडक्टरने कार्ड हातातही घेतले नाही. तो आठवडाभरात माझ्या तोंडाकडे निरखून पाहणारा पहिला इसम. त्याने पूर्ण तिकीट फाडले.